काळविटांचे फोटो दुरून कसे काढावेत: नाशिकहून ममदापूरला जाणाऱ्यांसाठी

हात सरळ समोर ताणा, एक डोळा मिटा आणि करंगळीचं नख समोरच्या काळविटावर धरा. आडवा उभा असलेला नर नखामागे नाकापासून शेपटीपर्यंत झाकला गेला, तर तो तुमच्यापासून साधारण ७० मीटर किंवा त्याहून लांब आहे. नखाच्या दोन्ही बाजूंनी त्याचं तोंड आणि पुठ्ठा डोकावत असेल तर तुम्ही फार जवळ गेला आहात. आणि नखाच्या अर्ध्याच रुंदीत तो मावत असेल तर अंतर १५० मीटरच्या आसपास आहे. पायी असाल तर मी एवढ्यावरच थांबायला सांगेन.

हिशेब सोपा आहे. करंगळीचं नख सुमारे १ सेंटिमीटर रुंद, डोळ्यापासून ते ६० सेंटिमीटरवर. काळविटाचं अंग लांबीला सव्वा मीटरच्या आतबाहेर. १.२ मीटर गुणिले ६०, झाले ७२ मीटर. तुमचा हात लांब किंवा नख रुंद असेल तर थोडा फरक पडेल, म्हणून एकदा घरीच मोजून बघा.

ही युक्ती अमेरिकेतल्या एल्क नावाच्या दांडग्या हरणासाठी अंगठा धरून शिकवतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एल्कपासून किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर लांब राहायचा नियम आहे. एल्कचा नर ३०० किलोच्या वर जातो आणि माजावर आला की माणसावर, गाडीवर चालून जातो. तिथे अंतर राखायचं ते मुख्यतः माणसाच्या जिवासाठी. आपला काळवीट ४० किलोच्या आसपासचा. माळावरचा काळवीट अंगावर येत नाही, पळतो. त्याच्या बाबतीत अंतर राखायचं ते त्याच्या जिवासाठी, आणि हे पुरतं मनात बसल्याशिवाय कॅमेरा उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हरणांच्या जातीतल्या प्राण्यांना जीव खाऊन पळवलं, घाबरवलं, कोंडलं की त्यांच्या स्नायूंची आतल्या आत मोडतोड होते. रक्तात आम्ल वाढतं, मूत्रपिंडं बंद पडतात. पळताना प्राणी धडधाकट दिसतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी कुठेतरी नाल्यात मरून पडतो. फोटो काढणारा तोवर घरी पोचलेला असतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. उड्यांचा फोटो हवा म्हणून कळपामागे मोटारसायकल घालणारा माणूस कायद्याच्या नजरेत काय करतोय, ते त्याने एकदा वाचून बघावं.

माळ कुठला, जायचं कसं

ममदापूर संवर्धन राखीव येवला तालुक्यात आहे, सुमारे ५४ चौरस किलोमीटर. ममदापूर, राजापूर, खरवंडी, देवदरी ही आसपासची गावं. पर्जन्यछायेतला, गवताचा, बाभळी-बोरींचा, मधूनमधून मुरुमाच्या टेपाडांचा मुलूख. राखीव क्षेत्राला भिंत नाही आणि हरणांना सात-बारा कळत नाही, त्यामुळे ती वनजमिनीवर जितकी दिसतात तितकीच मका, सोयाबीन, कांद्याच्या रानातही दिसतात.

नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे येवला सुमारे ८० किलोमीटर. तिथून नांदगाव रस्त्याला लागून राजापूरकडे. चहाची थांबणी धरून दोन-अडीच तास. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा पहाटे चारला घर सोडलं तरच उजेडाआधी पोचता येतं. आदल्या दिवशी येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या: कुठल्या वाटेवर गाडी चालते, सध्या कुठला भाग बंद आहे, सोबत वनमजूर किंवा गावातला कोणी माहितगार मिळेल का. परवानगीवाचून ड्रोन नेऊ नका. डोक्यावरून येणारा घरघराट हरणांना माणसापेक्षा जास्त भेदरवतो.

जाण्याआधी घरी करायचा सराव

माळावर हरीण उभं असताना कॅमेऱ्यातली बटणं शोधत बसलात तर सकाळ वाया जाते. मी नव्यांना आधी गोल्फ क्लबच्या मैदानावर पाठवतो, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर. तिथे पावलांनी १०० मीटर मोजा आणि मित्राला त्या टोकाला उभं करा. १०० मीटर डोळ्याला किती दिसतात हे एकदा अंगात मुरलं पाहिजे. बहुतेकांना ६० मीटरच १०० वाटतात. मग त्याला १५० मीटरवर पाठवून तेच करा.

दुसरा सराव गोदाकाठी. बगळे, खंड्या, पाण्यावरून जाणारे पाणकावळे. चालत्या प्राण्यावर फोकस धरून ठेवायला हात त्यांच्यावर बसतो. ज्यांना जरा लांब जायचं आहे त्यांनी निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वरला दोन सकाळी घालवाव्यात. तिथे धीर धरून बसायची सवयही लागते, आणि तीच पुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

लेन्स किती मोठी लागते

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणून आकडेच देतो. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स लावली, तर १०० मीटरवर तुमच्या चौकटीत सुमारे ३.९ मीटर रुंद आणि २.६ मीटर उंच भाग मावतो. मान वर केलेला नर शिंगांसकट दीड मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे तो चौकटीच्या उंचीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापेल. १५० मीटरवर चौकट ५.९ बाय ३.९ मीटरची होते, तरीही नर ठसठशीत दिसतो. १५०-६०० किंवा २००-५०० सारखी झूम लेन्स असेल तर जवळ जायची गरज उरतच नाही.

तुमच्याकडे ३०० मिमीच असेल तर १५० मीटरवर चौकट जवळपास पावणेबारा मीटर रुंद होते आणि हरीण त्यात दशांशाएवढं. इथेच माणसाला पुढे सरकायचा मोह होतो. तो आवरा आणि वेगळा फोटो काढा. पिवळ्या माळावर ओळीने चाललेला कळप, एकटी बाभळ आणि तिच्या सावलीत बसलेल्या माद्या, मागे ढग. असे फोटो मला तरी शिंगांच्या क्लोजअपपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यात हरीण राहतं कुठे हे दिसतं. येवल्याचा माळ ज्या फोटोत ओळखूच येत नाही, तो कुठल्याही प्राणिसंग्रहालयात काढता आला असता.

लेन्सइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे गाडीच्या खिडकीवर ठेवायची पिशवी. विकत मिळते, पण जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं दुहेरी शिवली की झाली. आत मक्याचे दाणे किंवा राजमा भरा, पाऊण पिशवीच, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. गच्च भरली की लेन्स वर डुगडुगते. पावसाळा संपला की दाणे बदला, नाहीतर टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात. ट्रायपॉड गाडीत उपयोगाचा नाही, खाली बसायचं असेल तर मोनोपॉड, म्हणजे एकपायी टेकू, न्या.

दुर्बीण मात्र हवीच, ८×४२ असेल तर उत्तम. लेन्समधून बघत राहिलं की बोटं बटणावर जातात आणि निरीक्षण राहून जातं.

गाडी हीच लपण

माळावरच्या हरणांना ट्रॅक्टर, जीप, दुधाची मोटारसायकल रोजची. दोन पायांवर उभा, आपल्याकडे बघत चालत येणारा माणूस मात्र त्यांना धोका वाटतो. म्हणून पहिल्या काही फेऱ्या तरी गाडीतूनच काढा.

वाट सोडून गाडी माळात घालू नका. कळप दिसल्याबरोबर ब्रेक दाबू नका, थोडं पुढे जाऊन, वेग हळूहळू कमी करत थांबा. सकाळी शक्यतो तुम्ही कळपाच्या पूर्वेला असावं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. इंजिन बंद करा, गाडीची थरथर फोटोत उतरते. रेडिओ बंद, कॅमेऱ्याचा टुंई आवाज बंद, कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर मूक शटर चालू. दार उघडू नका, खिडकी आधीच खाली करून ठेवा. भडक कपडे नकोत, मातकट-खाकी बरे. अंगावर झाडपाल्याचा छापील पोशाख चढवायची काही गरज नाही.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. एसी किंवा हीटर लावून आलात आणि खिडकी उघडून लगेच फोटो काढलेत तर ते मऊ येतील. आतली आणि बाहेरची हवा वेगळ्या तापमानाची, ती खिडकीशी एकमेकींत मिसळते आणि लेन्ससमोर पाण्यासारखी हलते. शेवटचे पंधरा मिनिटं चारही काचा खाली करून या. बॉनेटवरूनही फोटो काढू नका, गरम इंजिनावरची हवा तेच करते.

कळपाची भाषा

अंतर मीटरमध्ये मोजायला शिकलात, आता ते कळपाकडून वाचायला शिका, कारण शेवटचा शब्द कळपाचा असतो. ज्या कळपाला कुत्र्यांनी काल पिटाळलंय तो आज ३०० मीटरवरूनही पळेल.

निवांत कळप कसा दिसतो ते आधी डोळ्यांत साठवा. माना खाली, शेपट्यांचे झटके, काही बसून रवंथ करताहेत, पिल्लं एकमेकांभोवती गोल पळताहेत. कोणाचं तोंड इकडे, कोणाचं तिकडे. या कळपाचे हवे तेवढे फोटो काढा.

मग एक मादी मान वर करते. बहुधा मादीच, नराचं लक्ष माजाच्या दिवसांत दुसऱ्या नरांवर असतं. तिचे कान पुढे येतात, चघळणं थांबतं. ही पहिली सूचना. तुम्ही जे करत असाल ते थांबवा, हातसुद्धा हलवू नका. मिनिट-दोन मिनिटांत ती पुन्हा चरायला लागली तर तुमचं अंतर तिला मान्य आहे.

तिच्यामागोमाग चार-पाच माना वर झाल्या आणि सगळ्या तुमच्याच दिशेने वळल्या, तर मागे सरकायची वेळ झाली. एखादी पुढचा पाय आपटते, नाकातून फुर्र असा आवाज काढते. अशा वेळी गाडी सुरू करून हळूच निघून जा. पायी असाल तर पाठ न दाखवता, तिरकं, सावकाश मागे जा. थेट त्यांच्याकडे टक लावून बघू नका.

पुढची पायरी म्हणजे कळप ओळीने चालू लागतो, मग एखादं हरीण चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखी उंच उडी घेतं आणि त्यामागे सगळे उधळतात. ती उडी अप्रतिम दिसते, आणि काळवीट ताशी ७०-८० किलोमीटरच्या वेगाने धावू शकतो. पण ती उडी तुमच्यामुळे पडली असेल तर तो फोटो कोणाला दाखवू नका. उड्यांचे फोटो हवे असतील तर संध्याकाळी पिल्लं खेळतात तेव्हा, किंवा दोन नर एकमेकांना पिटाळतात तेव्हा मिळतात. त्यासाठी बसावं लागतं.

हे मी एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका कळपामागे मी बांधामागून वाकून, लपत, अर्धा किलोमीटर गेलो होतो. मी दहा पावलं पुढे गेलो की कळप वीस पावलं पुढे. शेवटी तो उधळला आणि त्यातलं एक पाडस मागे राहिलं. कांद्याच्या रानाला लावलेल्या तारेशी ते इकडून तिकडे धावत होतं, तारेच्या पलीकडे आई. मी जागीच बसलो तेव्हा कुठे पाचेक मिनिटांनी त्याला फट सापडली. माझ्या मागून मेंढरं घेऊन ते बाबा आले.

“कुठले?”

“नाशिकचा, बाबा.”

“मागं लागून कुठं थांबता का ती? वाकून चालला तू, लांडग्यावानी दिसतो त्यांला. इथं बांधाला टेकून बस. ऊन वर आलं की तीच येता इकडं.”

मी बसलो. पावणेदोन तास काही झालं नाही. मग टेपाडावरून तोच कळप उतरला, पाडसासकट, आणि माझ्यासमोरून चरत गेला. किती जवळून गेला ते सांगत नाही, कारण ऐकणारा तेवढंच अंतर धरून बसतो. ते त्यांनी ठरवलेलं अंतर होतं. त्या दिवसापासून मी चालणं सोडून दिलं. आधी जागा हेरायची, कळप यायच्या आत बसायचं आणि कळप गेल्यावरच उठायचं.

जागा हेरायला लेंड्यांचे ढीग कामाला येतात. माजावरचा नर स्वतःचा इलाखा धरून बसतो आणि ठरावीक ठिकाणी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो. असा ताजा, काळा, चकचकीत ढीग दिसला की तो नर तिथे परत येणार. पहाटे त्या ढिगापासून १२०-१५० मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन, झुडपाला टेकून बसा. मान मागे, नाक वर, कान खाली पाडून आणि शेपूट पाठीवर वळवून तो मिरवत चालतो. डोळ्यापुढे एक काळी चीर असते, ती या दिवसांत उघडी दिसते. काटकीचं टोक नेमकं त्या चिरेला लावून तो आपला वास तिथे ठेवतो. दुर्बिणीतून हे पाहताना काटकी डोळ्यात जाते की काय असं वाटून पोटात धस्स होतं. ६०० मिमीवर टिपलेला हा क्षण, त्या ओलसर चिरेसकट, माझ्याकडचा सगळ्यात आवडता फोटो आहे.

उजेड आणि सेटिंग

पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. एकाच अंगावर इतका विरोध असलेला प्राणी उन्हात टिपणं अवघड. काळ्या नराने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो चित्र उजळ करतो आणि पोटाचा पांढरा भाग जळून जातो. जळलेला पांढरा परत आणता येत नाही, काळोखातला तपशील रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, बराच निघतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-काळं करायचं सेटिंग) उणे १/३ ते उणे २/३ वर ठेवून सुरुवात करा, एक फोटो काढा, पडद्यावरची जळक्या भागाची लुकलुक तपासा आणि मग बदला. माद्या आणि तरुण नर बदामी असतात, त्यांना शून्यावर चालतं.

उभ्या हरणाला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, चालत्याला १/१०००, भांडण किंवा धावण्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. लेन्सचं छिद्र एफ ६.३ ते एफ ८. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) स्वयंचलित ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा तुमचा कॅमेरा सोसेल तेवढी. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस सतत पाठलागाच्या मोडवर, बिंदू डोळ्यावर. उंच गवतात कॅमेरा पुढच्या काडीवर फोकस धरतो, तेव्हा प्राणी ओळखणारा मोड बंद करून एकच लहान बिंदू वापरा.

सकाळचा पहिला दीड तास सोनं आहे. त्यानंतर जमीन तापते आणि माळावर हवा थरथरायला लागते. फेब्रुवारीत साधारण साडेनऊनंतर, एप्रिलमध्ये त्याच्याही आधी. अंतर जितकं जास्त तितकी ही थरथर जास्त, आणि तिला कुठलीही महागडी लेन्स उत्तर नाही. ‘माझी लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचे फोटो मी बघतो तेव्हा ते सकाळी अकराचे असतात. दहाला कॅमेरा बॅगेत, भाकरी बाहेर. पुन्हा साडेचारनंतर.

हंगाम

पावसाळ्यात माळ हिरवा, हवा धुतलेली, पण चिखलात गाडी फसते. दिवाळीच्या आसपास गवत गुडघ्याएवढं, सोनेरी, त्यातून नुसती शिंगं आणि कान दिसतात. माजाचा जोर उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा पावसाळ्याच्या शेवटाला असतो, नरांची भांडणं तेव्हा बघायला मिळतात. पाडसं तशी वर्षभर दिसतात. जन्मानंतरचे पहिले काही दिवस आई त्यांना गवतात दडवून ठेवते आणि पाजायला तेवढी येते. गवतात एकटं पडलेलं पाडस अनाथ नसतं. त्याला हात लावू नका, फोटोही काढू नका, आल्या वाटेने निघून जा.

उन्हाळ्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, वनविभाग टँकरने पाणी आणून टाकतो आणि हरणं त्यावर जगतात. अशा पाणवठ्याशेजारी दबा धरून बसलं की फोटो हमखास मिळतो, म्हणून अनेकजण बसतात. कळप लांब उभा राहून वाट बघतो. तुम्ही तीन तास बसलात तर तो तीन तास तहानलेला उभा राहतो, पिल्लं पाजणाऱ्या माद्यांसकट. मी पाणवठ्यावरचे फोटो काढत नाही, आणि तुम्हीही काढू नयेत असं वाटतं.

तुमचा जीव

काळविटापासून धोका कमी, माळापासून जास्त. डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकणाऱ्या माणसासाठी बिनकठड्याची विहीर हा इथला पहिला धोका आहे. गवतात ती दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. दुसरा धोका शेततळ्याचा. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. काठावर जाऊ नका. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, घोट्याच्या वर येणारे बूट घाला, दगड किंवा झुडपाला टेकायच्या आधी काठीने आपटून घ्या. या मुलखात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. मेंढ्यांजवळची कुत्री भुंकत आली तर पळू नका, मेंढपाळाला हाक मारा. दोन माणसं, चार लिटर पाणी, टोपी, आणि घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ.

विहिरीत पडलेलं किंवा जखमी हरीण दिसलं तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा, गर्दीला लांब ठेवा आणि स्वतः धरायला जाऊ नका. घाबरलेल्या नराची शिंगं पोट फाडू शकतात, आणि माणसांच्या धरपकडीतच त्याचाही जीव जातो.

शेतकऱ्याशी वागणं हा मी सुरक्षिततेचाच भाग धरतो. रात्रभर कांद्याची, मक्याची राखण करून थकलेल्या माणसाला सकाळी शहरातून आलेला पाहुणा ‘किती गोड हरणं!’ म्हणताना ऐकू आला तर काय वाटेल, याचा विचार करा. आधी राम राम घाला. ‘दादा, बांधावर बसू का?’ म्हणून विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या बांधावर जा. वाफ्यात पाय टाकू नका, फाटक जसं होतं तसं लावा. दोनदा-तीनदा गेलात की तेच सांगायला लागतात, आज नाल्याकडे बघा, काल तिकडे दोन काळे भांडत होते.

घरी आल्यावर

मोबाइलने दुर्बिणीच्या भिंगाला लावून काढलेले फोटोही आठवण म्हणून चांगले येतात, पण त्यात एक मेख आहे. मोबाइल फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी ते काढून टाका. फासे लावणारेही इंटरनेट बघतात. ‘येवला तालुका’ एवढं लिहिणं पुरेसं, नाल्याचं, पाणवठ्याचं, वस्तीचं नाव नको. पाडसांचे फोटो टाकायचे झाले तर दोन-तीन महिने थांबून टाका.

प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवा: तारीख, वेळ, कळपात किती नर, किती माद्या, किती पाडसं, पहिली मान वर झाली तेव्हा अंदाजे अंतर किती, आणि तुम्ही गाडीत होतात की पायी. पाच-सहा फेऱ्यांनंतर तुमच्या हातात त्या माळाचे तुमचे स्वतःचे आकडे असतील, आणि ते माझ्या १५० मीटरपेक्षा जास्त खरे असतील. एक फोटो मोठा छापून ज्यांच्या बांधावर बसलात त्यांच्या घरी नेऊन द्या. मी दिलेला एक येवल्याजवळच्या वस्तीत पंचांगाशेजारी लावलेला आहे, आणि त्या घरचे आजोबा दर वेळी मला त्यातली शिंगाचं टोक मोडल्याची खूण दाखवून सांगतात, की हा आमच्या मक्यातला.